आधी झोप, मग भाकर, मग प्रार्थना

रात्रीचे साडेदहा. ओटा पुसून झालाय, उद्याच्या डब्यासाठी मटकी भिजत घातलीय, धाकटं एकदाचं झोपलंय. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उशाशीच आहे. उघडावं, दोन ओव्या (वचनं) वाचाव्यात, तिसऱ्या ओवीवर डोळे मिटावेत आणि सकाळी शास्त्र गादीच्या फटीत सापडावं, असं महिनोन्‌महिने चाललेलं असतं. मग मन खायला लागतं. लग्नाआधी रोज पाऊण तास एकांत व्हायचा, संजीवन सभेत (विश्वास नव्याने जागवणाऱ्या सभेत) डोळे भरून यायचे, आणि आता प्रभूसाठी दहा मिनिटं निघत नाहीत. म्हणजे विश्वास थंड पडला.

हा निकाल लावायची घाई करू नका. थंड पडलेला विश्वास आणि दमलेलं शरीर वरून सारखंच दिसतं: शास्त्र वाचवत नाही, गाणं गावंसं वाटत नाही, प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत, सांडलेल्या दुधावरून आवाज चढतो. ओळखायची साधी खूण अशी, की दोन-तीन रात्री नीट झोप मिळाल्यावर एखादं गीत आपोआप ओठांवर आलं, तर दुखणं आत्म्याचं नव्हतं.

१ राजे, अध्याय १९ काढा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, बैरशेब्याला नोकराला मागे ठेवतो, दिवसभराची वाट रानात चालून एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, मला मरण दे. यावर त्याला कोणी उपदेश करत नाही. तो झोपतो. देवदूत त्याला हात लावून उठवतो आणि खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो, पितो आणि परत झोपतो. परत उठवणं, परत खाणं. मग चाळीस दिवसांची चाल, होरेब डोंगर, आणि तिथे गेल्यावर प्रश्न: एलीया, तू इथे काय करतोस? देवाची ती मंद वाणी त्यानंतर, आणि सगळ्यात शेवटी अलीशा, म्हणजे हाताशी माणूस. आपल्याकडच्या उपदेशांत मंद वाणीवर अर्धा तास जातो आणि भाकरीवर अर्धं मिनिट. दमलेल्या आईबापांनी मात्र हा अध्याय आहे त्याच क्रमाने घ्यावा. यातला क्रम उलटा केला की काय होतं, ते वरच्या गादीच्या फटीत दिसतंच.

तर आधी झोप. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, म्हणजे रात्रीत तीन-चार उठणी ठरलेलीच. दोघंही प्रत्येक वेळी उठले तर दोघंही सकाळी निकामी. त्यापेक्षा रात्र वाटून घ्यावी: नऊ ते दोन एकाची, दोन ते सात दुसऱ्याची. यात प्रत्येकाला चार-पाच तास सलग मिळतात, आणि तुकड्यातुकड्यांच्या सात तासांपेक्षा ते जास्त कामाचे. आई अंगावर पाजत असेल तर वडिलांच्या पाळीत उठणं, लंगोट बदलणं, बाळ आईजवळ आणून देणं, नंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं हे सगळं वडिलांचं. आईने फक्त कूस बदलायची. दूध काढून ठेवत असाल तर पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस टिकतं. सोलापूर-जालन्याच्या एप्रिलमध्ये खोलीचा हिशोब विसरा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. हे फिसकटतं ते बहुधा दोन कारणांनी. एक, वाटणी रात्री दोन वाजता भांडत ठरवली जाते; ती संध्याकाळी, पोटात अन्न असताना ठरवायची. दोन, घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, "अगं, त्याला सकाळी कामावर जायचंय, झोपू दे की." यावर सुनेने वाद घालू नये, मुलाने आपल्या आईला सांगावं: "आई, दोनपर्यंत मीच बघणार आहे."

मुलं मोठी झाली की जागरणाचं कारण बदलतं. मुलं झोपल्यावरचा वेळ तेवढाच आपला, म्हणून मोबाइल हातात येतो आणि बारा वाजतात. त्यात ग्रुपवर फुलांच्या चित्रावरची वचनंही असतात, म्हणून पाप वाटत नाही एवढंच. तो आपला वेळ तोडू नका, पण ठरवून घ्या: वीस मिनिटं, खुर्चीत बसून, गादीत नाही. मग मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि गजराला साधं घड्याळ.

झोप पुरेशी होऊनही अंगात त्राण नसेल तर रक्त तपासा. स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी. बाळंतपणानंतर थायरॉइडही बिघडू शकतं. उपासनेत डुलक्या येणाऱ्या बाईला लोहाच्या गोळ्यांची गरज असते आणि तिच्यावर हात ठेवून आळसाच्या आत्म्याला दटावलं जातं, हे फार वेळा होतं. बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नाही, दोन आठवड्यांहून जास्त दिवस रडू येतंय, बाळाकडे पाहून काहीच वाटत नाही, असं असेल तर ते बाळंतपणातलं नैराश्य असू शकतं, डॉक्टरांकडे जा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार एकदा जरी मनात आला, तरी त्याच दिवशी जा, आणि तोवर तिला एकटं ठेवू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पाळकसाहेबांनाही जरूर बोलवा, पण डॉक्टरऐवजी नाही.

भाकरीचं थोडक्यात. मुलांची उरलेली पोळी ताटात टाकून ओट्याशी उभ्याने खाणं हे जेवण नव्हे. दिवसातलं एक जेवण बसून, गरम, प्रार्थना करून घ्यायचं. सकाळची घाई असेल तर रात्रीचं. उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) आला की अंगावर पाजणाऱ्या कितीतरी आया निर्जळी धरतात. कॅथलिक नियमातही राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवारचा (गुड फ्रायडेचा) उपवास १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसांसाठी आहे; गरोदर आणि पाजत्या बायकांना त्यातून सूट असते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत (चर्चमध्ये) तर नियमच नाही, ती आपल्याआपण वाढवलेली रीत आहे. चाळीस दिवस काही सोडायचंच असेल तर रात्री नवानंतरचा मोबाइल सोडून बघा. पोट भरलेलं राहतं आणि तरी चांगलंच जड जातं.

आता प्रार्थनेकडे. बहुतेकांची अडचण इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

पहाटे उठून एकट्याने तासभर शास्त्र घेऊन बसायचं, ही चाल चांगली आहे; पण ती मुख्यतः ज्यांच्या अंगावर पहाटे कोणी चढत नाही अशांची आहे. मठातले लोक, वसतिगृहातली तरुण मुलं, मुलं मोठी झालेले पाळक. आपल्याला ती एकच पद्धत शिकवली गेली, म्हणून ती मोडली की प्रार्थनाच मोडली असं वाटतं. खुद्द प्रभू येशूचा पहाटेचा एकांतही मार्कच्या शुभवर्तमानात, अध्याय १ मध्ये, शिमोन आणि मंडळी शोधत येऊन मोडतात: सगळे तुला शोधताहेत. घरात शोधणाऱ्याचं वय तीन असतं, एवढाच फरक.

तेव्हा वेळ शोधत बसू नका, खुंटी शोधा. रोज होणारच असं जे काम आहे, त्यावर प्रार्थना टांगायची. घड्याळाच्या वेळा मुलांबरोबर हलतात, कामं हलत नाहीत. नळाला पाणी येतं, कुकर लागतो, शाळेच्या व्हॅनची वाट बघावी लागते, इस्त्री होते. यातल्या तीनच खुंट्या घ्या, जास्त नको.

कुकरचंच बघा. वरण-भाताच्या कुकरला साधारण चार शिट्या, पंधरा मिनिटं. कुकर लावताना प्रभूची प्रार्थना ("हे आमच्या स्वर्गातील पित्या"), तिला अर्धं मिनिट लागतं. पहिल्या शिटीला कालच्या दिवसातल्या एका गोष्टीचे आभार, नाव घेऊन: "काल ताप उतरला." दुसऱ्या शिटीला जोडीदार. तिसरीला मुलं, एकेकाचं नाव आणि आज त्याच्यापुढे जे आहे ते: गणिताचा पेपर, दुखणारा दात. चौथीला गॅस बंद करायचा आणि ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव घ्यायचं. मधल्या वेळात कांदा चिरत राहा, काही बिघडत नाही. बिघडतं ते असं, की पहिल्या आठवड्यात उत्साहाने प्रत्येक शिटीला पाच पाच विषय जोडले जातात, मोजदाद चुकते, कंटाळा येतो आणि दहाव्या दिवशी सगळं बंद. एका शिटीला एक वाक्य, बस. एखाद्या दिवशी खंड पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. कुकर रोज लागतो.

पाळीने ड्युटी असलेल्यांना, म्हणजे मिरजेपासून आखातापर्यंत रात्रपाळ्या करणाऱ्या आपल्या कितीतरी नर्स भगिनींना, सकाळ-संध्याकाळ या शब्दांना अर्थ नसतो. त्यांनी उठल्यावर पहिला चहा, युनिफॉर्म घालताना आणि पाळी संपवून हात धुताना, या तीन खुंट्या घ्याव्यात.

कामात प्रार्थना मिसळणं ही काही बाहेरून आणलेली युक्ती नाही. मराठी बाईने जात्यावर पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. जात्यावरची ओवी आणि शास्त्राची ओवी यांना आपण एकच शब्द वापरतो, तो उगाच नसावा. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ साली ते वारले. या चोवीस वर्षांत त्यांनी आपल्या उपासनेत जे ओतलं त्यातलं कितीतरी अभंगात आहे, कारण अभंग पुस्तकाशिवाय, पेटीशिवाय, हात गुंतलेले असताना गाता येतो. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या खेड्यांत टाळ-मृदंगावर तो अजून गातात. तुम्हालाही एक करता येईल. मोठ्या अभंगाला चार चरण: पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, शेवटचा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. असा:

भांडी घासताना । तुला आठविते ।
थकले मी, येते । तुझ्यापाशी ॥

जोडाक्षर एकच मोजायचं, काना-मात्रा मोजायची नाही. भांडी बाप घासत असेल तर "आठवितो" आणि "थकलो मी, येतो". अक्षरं तेवढीच राहतात. काव्य म्हणून हे काही भारी नाही, ते असायलाही नको. आठवडाभर एकच घ्यायचं. दोन-तीन दिवसांत मुलंच ते गायला लागतात, आणि मग आपल्याला सुटका नाही.

वाचनाचंही असंच. दमलेल्या माणसाने वर्षात शास्त्र संपवण्याची योजना घेऊ नये. फेब्रुवारीत लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकायचं, मागचे वीस अध्याय बाकी, मग शास्त्राकडे बघायचीच धास्ती. त्याऐवजी आठवड्याला एकच स्तोत्र, तेही छोटं. ११७ ला दोनच ओव्या आहेत, १३१ आणि १३४ ला तीन तीन, १३ ला सहा, १२१ ला आठ. रविवारी रात्री वहीच्या कागदावर हाताने लिहा, फ्रिजवर किंवा मिसळणाच्या डब्याच्या फळीवर चिकटवा, शनिवारपर्यंत तेच. विरारहून चर्चगेटला उभ्याने जाणाऱ्या माणसाला गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, पण तीन ओव्या पाठ असतील तर चालतात. सुरुवात १३१ पासून करावी. त्यात दूध तुटलेलं मूल आईजवळ आहे. ही उपमा आईला लगेच कळते: अंगावर पिणारं मूल आईजवळ आलं की पदर ओढतं, तोंड खुपसतं, त्याला काहीतरी हवं असतं. दूध तुटल्यावर तेच मूल येऊन नुसतं टेकून बसतं. देवाजवळ तसं बसायचं. मागण्यांची यादी नाही, आश्वासनं नाहीत. पाच मिनिटं पुरतात. झोप लागली तरी चालेल, टेकलेल्या मुलाला झोप लागतेच.

कौटुंबिक उपासना दहा मिनिटांची ठेवा आणि ती जेवणाआधी करा. जेवणानंतर एकाला अभ्यास आठवतो, दुसरा पेंगतो. गीताचं एकच कडवं, दोन मिनिटं. शुभवर्तमानातल्या सात-आठ ओव्या, दोन मिनिटं. एक प्रश्न, आणि तोही उत्तर ठरलेलं नसलेला: "वादळातल्या त्या होडीत तू असतास तर प्रभूला उठवलं असतंस का?" मग प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. मार्कचं शुभवर्तमान यासाठी उत्तम, कारण त्यात सतत काहीतरी घडत असतं. सोळा अध्याय, सुमारे पावणेसातशे ओव्या. रोज आठ धरल्या तर तीन महिन्यांत होतं. हे मोडतं कशाने, तर बापाच्या उपदेशाने. प्रार्थनेतून टोमणे मारण्यानेही: "प्रभो, बबलूला खोटं न बोलण्याची सुबुद्धी दे" असं बबलूसमोर म्हटलं की बबलू दुसऱ्या दिवसापासून उपासनेच्या वेळी संडासात जाऊन बसणार. एकत्र घरात आठला सासूबाईंची मालिका असते. तिच्याशी लढू नका, पावणेआठला बसा आणि वाचन आजोबांकडे द्या. त्यांचा आवाज मुलांना पाठ होतो.

मुलांवर ओरडल्यावर अपराधाची जी टोचणी लागते ती दमलेल्या आईबापांची निम्मी प्रार्थना खाऊन टाकते. तिच्यावर उपाय देवासमोर तासभर रडणं हा नाही, मुलापुढे खाली बसणं हा आहे. डोळ्यांच्या पातळीला यायचं आणि चार वाक्यं: "मी तुझ्यावर ओरडले. ते चुकलं. तू घाबरलास ना? मला माफ कर." यानंतर "पण" हा शब्द आला की सगळं फुकट. "पण तूसुद्धा ऐकत नाहीस" ही माफी नव्हे, दुसरी फेरी आहे. मुलाच्या चुकीबद्दल बोलायचं असेल तर तासाभराने, वेगळं बोला.

रविवारकडे येऊ. विसाव्याचा दिवस म्हणतात, पण लहान मुलांच्या घरात तो आठवड्यातला सर्वांत धावपळीचा. नवाची उपासना, त्याआधी संडेस्कूल, मग महिला संघाची बैठक, आणि घरी येऊन रविवारचं मटण. यातलं मटण सर्वांत आधी सुटतं: शनिवारी संध्याकाळी एक किलो मटणाला दही, आलं-लसूण, हळद, मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवा, वाटण करून ठेवा. रविवारी आल्यावर फोडणी आणि कुकर, पाऊण तासात ताटं. किंवा शनिवारी रात्रीच शिजवा, दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरतं. मुलांचे कपडे इस्त्री करून एकाच हँगरवर, मोज्यांसकट. अर्पणाची नाणी शनिवारीच काढून ठेवा. एक मोजा सापडत नाही म्हणून अख्खं घर एकमेकांवर खेकसत उपासनेला पोचतं आणि दारातून आत शिरताना हसायला लागतं, हे दृश्य कुणाला नवीन आहे?

मंदिरात मागच्या बाकावर बसू नका. मागून मुलाला फक्त पाठी दिसतात, म्हणून ते चुळबुळतं. पुढून तिसरा-चौथा बाक, कडेची जागा. पिशवीत मऊ कापडी किंवा पुठ्ठ्याचं चित्रांचं पुस्तक, मेणाचे खडू (स्केच पेन नको, टोपण पडून गडगडतं), केळं. कुरकुरीत पुड्या नकोत, चुरमुरे तर मुळीच नकोत, ते नंतर सेवकाला झाडावे लागतात. आणि मुख्य म्हणजे पाळी: एका रविवारी उपदेश आई ऐकेल आणि मूल रडलं तर बाप बाहेर नेईल, पुढच्या रविवारी उलट. सध्या बहुतेक मंडळ्यांच्या व्हरांड्यात बाळ घेऊन फेऱ्या मारणाऱ्या फक्त आयाच दिसतात. कित्येकींचं प्रभुभोजनही (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) असं चुकतं. आधीच मंडळीच्या एखाद्या वडिलांना (एल्डरना) सांगून ठेवा की आम्ही शेवटच्या रांगेत येऊ, आम्हाला हाक मारा.

वसईकडच्या कॅथलिक घरांत वेगळी टोचणी असते, मिस्सा (रविवारची उपासना) चुकल्याची. धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात परिच्छेद २१८१ बघा: गंभीर कारण असेल तर रविवारच्या मिस्सेची सक्ती नाही, आणि त्याचं उदाहरण म्हणून आजारपणाबरोबर तान्ह्या बाळाची देखभाल हेच दिलंय. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्याला कम्युनियनआधीच्या (प्रभुभोजनाआधीच्या) एका तासाच्या उपवासातूनही सूट आहे. जपमाळ पूर्ण होत नसेल तर एकच दशक (दहा मणी) घ्या, बाळाला थोपटत, दहा थोपटण्यांना एक मणी. तेवढ्यात ते झोपतंही.

संजीवन सभांबद्दल जरा स्पष्ट बोलतो. तीन रात्री, साताची वेळ, खरी सुरुवात साडेआठला, शेवट अकराला, आणि मांडीवर दोन वर्षांचं मूल. चौथ्या दिवशी ते तापतं. नवीकरण मोठ्या आवाजातच होतं असं मानायचं कारण नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे उज्जीवन (आध्यात्मिक जागृती) झालं ते आजही सांगितलं जातं, पण ते ज्या घरात झालं तिथे रोज शेकडो बायका-मुलींचं दळण, स्वयंपाक, शेती, विणकाम चालू असायचं, आणि ते चालवणारी पंडिता रमाबाई स्वतः एका मुलीला एकटीने वाढवलेली विधवा आई होती. तीनपैकी एकच रात्र निवडा. एकाने जा, दुसऱ्याने घरी थांबा.

त्यापेक्षा आठवड्यातून एकदा दोघांनाही प्रत्येकी दीड तास मिळाला तर जास्त फरक पडतो. आईला शनिवारी चार ते साडेपाच, बापाला रविवारी संध्याकाळी. या वेळात घरात थांबायचं नाही, नाहीतर दार वाजतंच. बाग, रिकामं मंदिर, नदीकाठ, काहीही. पहिली वीस मिनिटं नुसतं बसायचं किंवा चालायचं, मगच शास्त्र. बसल्याबसल्या वाचायला घेतलं तर डोक्यातली किराणा यादी मध्ये येते, म्हणून सोबत कागद ठेवा आणि ती यादी लिहूनच टाका. हा बेत तिनातून एकदा मोडणार: मूल पडेल, पाहुणे येतील. मार्क ६ मध्ये प्रभू शिष्यांना म्हणतो, चला, एकांतात जरा विसावा घ्या, आणि होडी किनाऱ्याला लागते तर गर्दी आधीच हजर. मग पाच हजारांचं जेवण होतं. पण त्याच अध्यायात पुढे बघा: सगळ्यांना निरोप देऊन तो त्याच संध्याकाळी डोंगरावर प्रार्थनेला जातो. म्हणून राखीव वेळ आधीच ठरवून ठेवा. शनिवार बुडाला तर बुधवार.

आणि शेवटी अलीशा. मंडळीत सगळे म्हणतात, "काही लागलं तर सांगा हं." या वाक्यातून आजवर कुणालाही काही मिळालेलं नाही. दोष त्यांचा नाही. काय हवं ते त्यांना कळत नाही. तुम्ही दिवस, वेळ आणि काम सांगा: "मावशी, मंगळवारी पाच ते साडेसहा बाळाला तुमच्याकडे ठेवू? दूध पाजून आणते, दोन लंगोट देते." ज्यांची मुलं मोठी होऊन पुण्या-मुंबईला गेलीत अशा बायका मंडळीत असतातच, आणि त्यांना हे ओझं वाटत नाही. घरभेटीला आठ जण प्रार्थनेला येणार असतील तर निरोप द्या की चहा-पोहे होणार नाहीत, येताना दोन भाज्या चिरून आणा. आणि तुमच्या अंगावरच्या तीन जबाबदाऱ्यांपैकी, म्हणजे गायन मंडळ, संडेस्कूल, कमिटी, दोन वर्षभरासाठी परत करा. मंडळी बुडत नाही. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने लोकांचे न्याय करत बसतो, तेव्हा इथ्रो त्याला सांगतो की अशाने तू झिजून जाशील, कामं वाटून दे. इथ्रो मोशेचा सासरा होता, आणि मोशेने त्याचं ऐकलं, असंही तिथे लिहिलंय. घरोघरच्या जावयांनी ती ओवी खुणेची पट्टी घालून ठेवावी.

रात्रीच्या पाळीसाठी स्तोत्र १३४ पाठ करा. १२० पासून सुरू होणारी यरुशलेमेच्या वाटेवरची पंधरा गीतं इथे संपतात. तीनच ओव्या आहेत, आणि त्या रात्री प्रभूच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहेत: हात वर करा आणि त्याचा धन्यवाद करा. रात्री अडीचला बाळाला ढेकर काढायला खांद्यावर घेतलं की हात तसेही वर गेलेले असतात. एक ओवी, थोपटणं, दुसरी ओवी, थोपटणं. तिसरीपर्यंत ढेकर आला नाही तर बाळाला दुसऱ्या खांद्यावर घ्या आणि पहिलीपासून सुरू करा.